बाबांची वॅगनआर विकतोय, गिऱ्हाईक ओरिजिनल आरसी आधीच मागतंय. देऊ का?

कुळागर_डिचोली:
नमस्कार मंडळी. बाबांच्या नावावर २०१४ची वॅगनआर आहे, जीए-०४ पासिंग, फर्स्ट ओनर, ६१ हजार किलोमीटर. बाबा आता ७८चे, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवत नाहीत आणि मी पर्वरीला बाइकनेच जातो, त्यामुळे गाडी गेले आठ महिने अंगणात फणसाखाली उभी आहे. पावसात रबराच्या बीडिंगवर शेवाळ धरलं तेव्हा आईच म्हणाली की गणेशचवथीआधी काय तो सोक्षमोक्ष लावा.

रविवारी रात्री ऑनलाइन जाहिरात टाकली. पहिलाच फोन हिंदीतून, मी फौजेत आहे, वास्कोला पोस्टिंग आहे, गाडी बघायची गरज नाही, फोटो आवडले. किमतीत एक रुपया कमी करायला सांगितलं नाही तेव्हाच मनात पाल चुकचुकली. मग त्याने क्यूआर पाठवला, म्हणे स्कॅन करून पिन टाका, ॲडव्हान्स तुमच्या खात्यात पडेल. मी म्हटलं पैसे घ्यायला पिन कशाला लागतो रे बाबा, तर फोन कट. हे ठीक, ह्याच्यातून वाचलो.

आता खरा प्रश्न. बुधवारी म्हापशाकडचा एक माणूस आला, सोबत मेकॅनिक, दोन तास गाडी बघितली, १ लाख ८५ सांगितलेले ते घासाघीस करत १ लाख ७२ वर आणले. ५ हजार टोकन लगेच ट्रान्सफर केलं. माणूस साधा वाटला, आईने सोलकढी दिली ती पिऊन गेला, आई तर म्हणते असं गिऱ्हाईक परत मिळणार नाही. पण काल त्याच्या एजंटचा व्हॉट्सॲप मेसेज आला, बाबांच्या आधार आणि पॅनचा फोटो पाठवा, ओरिजिनल आरसी द्या, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर फक्त सह्या करून द्या, बाकी आम्ही भरतो. उरलेले पैसे लोन पास झालं की आठ-दहा दिवसांत. आणि गाडी मात्र रविवारी न्यायची म्हणतात, चवथीला गावी जायचंय.

आई म्हणते द्या, बाबा काही बोलत नाहीत, मी अडकलोय. काय काय द्यायचं आणि काय हातात ठेवायचं?

गॅरेजवाला_बारदेश:
काही देऊ नको. गाडी, चावी, आरसी आणि सही ह्या चार वस्तू पैसे पूर्ण आल्याशिवाय घराबाहेर जायच्या नाहीत, एवढं लक्षात ठेव पात्रांव. ५ हजारात पावणेदोन लाखांची गाडी रविवारी नेणार, मग सोमवारी तू त्याच्या मागे फोन लावत बसणार.

आणि जाहिरातीतले फोटो काढून बघ जरा. आमच्याकडे गाडी विकायला येतात ते लोक आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो जाहिरातीतच टाकतात, चेसिस नंबर, इंजिन नंबर, पत्ता, सगळं उघडं. त्या फोटोवर दुसराच कोणीतरी तुझी गाडी आपली म्हणून तिसऱ्याला विकायला काढतो आणि टोकन खातो. नंबर प्लेट झाकायची, आरसी टाकायचीच नाही. गिऱ्हाईक घरी आलं की हातात घेऊन बघू दे, फोटो नको.

कुळागर_डिचोली:
बापरे, नंबर प्लेट दिसतेय माझ्या फोटोत. आरसी नाही टाकली. बदलतो आत्ताच.

पणजीचा_बाब:
उगाच घाबरवताय राव तुम्ही. मी आजवर दोन स्कूटर आणि एक आल्टो विकली, तिन्ही वेळा एजंटला कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या, महिनाभरात नावं बदलली. सगळीकडे असंच चालतं. प्रत्येकावर संशय घेतला तर गाडी फणसाखालीच सडेल.

मांडवीकाठ:
@पणजीचा_बाब तुमचं नशीब चांगलं. माझं सांगतो. २०१८ला माझी ॲक्टिव्हा ओळखीतल्या एका मुलाला ३२ हजार रोख घेऊन दिली. त्यालाही सह्या करून दिल्या, आरसी दिली, तो म्हणाला उद्याच करतो ट्रान्सफर. मीही सोडून दिलं. पुढे २०२१ मध्ये माझ्या मोबाइलवर चलनाचे मेसेज यायला लागले, विना हेल्मेट, कळंगुट. मग परत, बागा. मग ट्रिपल सीट. मला वाटलं फ्रॉड मेसेज आहे म्हणून दोन महिने बघितलंच नाही. शेवटी ई-चलनच्या साइटवर नंबर टाकला तर फोटोसकट माझीच स्कूटर, वर तिघे जण, गळ्यात टॉवेल, पायात चप्पल. म्हणजे पांढऱ्या प्लेटची प्रायव्हेट स्कूटर टुरिस्टांना भाड्याने चालली होती, काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं हवीत ती नव्हतीच.

त्या मुलाला गाठलं तर त्याने सहा महिन्यांतच दुसऱ्याला विकलेली, त्याने तिसऱ्याला. माझ्या सह्यांचे फॉर्म तसेच कोरे फिरत होते, तारीख नाही, घेणाऱ्याचं नाव नाही. विचार करा, माझी सही आणि पुढे कोणीही काहीही लिहावं. तिसऱ्या माणसाला विनवण्या करून आरटीओत उभा केला, चलनं मीच भरली, तेव्हा कुठे माझं नाव सुटलं. त्या तीन वर्षांत कोणाला धडक दिली असती तर? झोप लागत नव्हती मला.

पणजीचा_बाब:
बरं बरं, मान्य. पण तू पण तीन वर्षं एकदाही चेक केलं नाहीस हे पण आहेच की.

मांडवीकाठ:
ते आहेच, नाही कुठे म्हणतोय.

वकीलबाई_फोंडा:
मी फोंड्याला वकिली करते, अपघाताच्या क्लेमचीच कामं जास्त. मांडवीकाठ ह्यांनी शेवटी जे विचारलं त्याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने २०१८च्या फेब्रुवारीत दिलेलं आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यात मूळ मालकाने गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे ती आणखी हातांत फिरली, २००९ मध्ये अपघात झाला, पण रजिस्टरमध्ये नाव पहिल्याचंच. कोर्टाने सांगितलं की ज्याच्या नावावर रजिस्ट्रेशन तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. मी विकली होती हो, हे सांगून सुटका नाही. जखमी झालेल्या माणसाने गाडी कोणाकोणाकडे फिरली ते शोधत बसायचं का, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला तरी योग्य वाटतो.

म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम ५० बघा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. म्हणजे कळवायचं काम तुमचंही आहे, नुसतं त्याचं नाही. फॉर्म २९ हाच तो कळवण्याचा कागद, विकणाऱ्याचा. लोक तोच कोरा सही करून घेणाऱ्याच्या खिशात घालतात आणि मग म्हणतात त्याने केलं नाही. फॉर्म पूर्ण भरा, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, आणि मगच सही. मोकळ्या जागेवर रेघ मारा.

गाडी ताब्यात देताना साध्या कागदावर डिलिव्हरी नोट करा. तारीख लिहितात सगळे, वेळ कोणी लिहीत नाही. वेळ लिहा. संध्याकाळी ५.४० ला गाडी दिली आणि ६.३० ला अपघात झाला तर त्या पन्नास मिनिटांनाच किंमत असते, निदान पोलिसांना सांगायला तरी. किलोमीटर रीडिंग, दोन्ही चाव्या दिल्या, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पण ही नोट म्हणजे ट्रान्सफर नाही हे विसरू नका.

इन्शुरन्सचं एक. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर आपोआप जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर तसं जात नाही, नवीन मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून नावावर करून घ्यायचं. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. बाबांचा आहे, गिऱ्हाइकाला त्याचा हिशेब देऊ नका.

आता आधारचा फोटो. द्यावाच लागला तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं पेनाने लिहा, फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या ट्रान्सफरसाठी, आणि तारीख, अक्षरं फोटोवरूनच जायला हवीत, कडेला बारीक लिहून उपयोग नाही, कापून टाकतात.

कुळागर_डिचोली:
ताई खूप आभार. मी म्हणणार होतो की बाबांची सही आता हलते, २०१४ची सही आणि आताची सही एका माणसाची वाटत नाही. त्याचं काय होईल?

गॅरेजवाला_बारदेश:
होणार, फॉर्म परत येणार. बाबांना सोबत ने, बसायला खुर्ची मिळते. आधारचा ओटीपी पण लागतो हल्ली, आधारला कुठला मोबाइल जोडलाय ते आधी बघ. निम्म्या लोकांचा जुना बंद पडलेला नंबर असतो आणि मग काउंटरवर उभं राहून घरी फोन.

काजूबोंडू:
एक विचारू? बाबांनी गाडी लोनवर घेतलेली का? कारण तुम्ही कुठेच लिहिलं नाही. परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहनमध्ये नंबर टाका आणि फायनान्सरच्या रकान्यात काय दिसतं ते बघा. माझ्या काकांच्या गाडीचं लोन कधीच फिटलेलं, बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, कपाटात लॅमिनेट करून ठेवलेली (लॅमिनेट! काका तसेच), पण आरटीओत नोंद काढलीच नव्हती. गिऱ्हाईक दारात उभं असताना कळलं.

कुळागर_डिचोली:
बघितलं आत्ता. आहे. बँकेचं नाव आहे अजून. बाबांना विचारलं तर म्हणतात २०१९लाच फेडलं, पत्र आलं होतं. पत्र मिळालं सुद्धा, गाडीच्याच ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, पण पिशवीत पाणी शिरून आरसी आणि पत्र एकमेकांना चिकटलेत. आरसीवरचं नाव वाचता येतं, पत्रावरचा शिक्का पार पसरलाय.

काजूबोंडू:
ते पत्र तसंही चालणार नाही, बँकेची एनओसी तीन महिन्यांपुरतीच धरतात. शाखेत जाऊन नवीन मागा, सोबत फॉर्म ३५ वर बँकेची सही-शिक्का, तो आरटीओत दिला की हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, निघतं. ते निघाल्याशिवाय ट्रान्सफर अडणार. आणि आरसी गाडीत ठेवत जाऊ नका हो, डिजिलॉकरमधली किंवा एमपरिवहनमधली आरसी पोलिसांना चालते, २०१८पासून चालते. ओरिजिनल घरी, पालीने अंडी घालायच्या आधी कपाटात.

दोडामार्गकर:
मी पलीकडचा, सिंधुदुर्गातला, पण वाचतोय म्हणून सांगतो. गिऱ्हाईक म्हापशाकडचं म्हणता, पण गाडी कोणाच्या नावावर होणार ते विचारून घ्या. गोव्यातल्या जुन्या गाड्या आमच्याकडे बांद्याला, सावंतवाडीला खूप येतात. एमएच-०७ वर घ्यायची असेल तर आधी फॉर्म २८, म्हणजे गोव्याच्या आरटीओची एनओसी, आणि इथे येऊन टॅक्स वेगळा. बरेच जण एनओसी काढून देतात आणि समजतात सुटलो, पण इथे नवीन नंबर पडेपर्यंत रेकॉर्डला नाव तुमचंच राहतं. कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं नुसत्या एनओसीवर फिरतात.

आणि गाडीला फास्टॅग असेल तर काचेवरून खरवडून काढा आणि बँकेत बंद करा. माझ्या मेव्हण्याने नाही केला, गाडी नेणारा महिनाभर कोल्हापूर-पुणे करत होता आणि टोल ह्याच्या खात्यातून.

सावईवाली:
दादा, एक मैत्रिणीची गोष्ट. गाडी विकायची जाहिरात टाकली की फोन नंबर सगळीकडे जातो, मग आठवडाभरात व्हॉट्सॲपवर 'आपल्या वाहनाचे चलन' म्हणून मेसेज येतो, गाडीचा नंबर पण बरोबर असतो म्हणून माणूस फसतो. सोबत एपीके फाइल. तिने ती उघडली, इन्स्टॉल केली, रात्रीत खात्यातून ४० हजार गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला लगेच फोन केला म्हणून थोडे अडकवता आले तरी. चलन बघायचं तर स्वतः साइट उघडून बघायचं, फाइल उघडायची नाही.

कुळागर_डिचोली:
हे माहीतच नव्हतं. जाहिरातीत आईच्या फोनचा पण नंबर दिलाय मी, तिला सांगतो.

आता गिऱ्हाइकाला काय सांगू? टोकन घेतलंय, चवथ आठवड्यावर आलीय आणि बँकेची एनओसी तोपर्यंत येणार नाही. तो चिडणार.

वकीलबाई_फोंडा:
चिडू दे, खरं सांगा. एजंटशी नको, त्याच्याशीच बोला, शक्यतो समोर बसून. सांगा की आमच्याकडे एक नोंद राहिलीय, ती काढायला वेळ लागेल, तुला थांबायचं नसेल तर टोकन परत. आणि विचारा लोन कुठल्या बँकेचं. जुन्या गाडीवर बँक खरंच लोन देत असेल तर ती आरसी आणि इन्शुरन्सची कॉपी मागते आणि पैसे थेट विकणाऱ्याच्या खात्यात टाकते. ट्रान्सफरच्या दिवशी ओरिजिनल लागते, त्याआधी कोऱ्या सह्यांचं तिथे काही काम नाही.

रोख देतो म्हणाला तर लक्षात ठेवा, एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. तुमची किंमत त्याच्या आत आहे, पण तरी खात्यातच घ्या, ट्रान्सफरच्या मेसेजवर नको, बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघून.

गॅरेजवाला_बारदेश:
आणि टेस्ट ड्राइव्ह परत मागितली तर तू शेजारी बस. चावी देऊन 'जाऊन ये' म्हणू नको. त्याला दुसऱ्यांदा येऊ दे, मी सांगतो ते त्याच्यासमोर कर, चेसिस नंबरावर पांढरा सेलोटेप लावून पेन्सिलने हलके घास, नंबर उमटतो, तो आरसीशी अक्षर न अक्षर जुळव. सतरा अक्षरं असतात. खऱ्या गिऱ्हाइकाला आवडतं हे, त्याला पण कळतं की गाडी सरळ आहे.

कुळागर_डिचोली:
मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, चवथ झाली, पाहुणे झाले.

रविवारी त्या माणसाला घरी बोलावलं आणि बँकेची नोंद राहिल्याचं सरळ सांगितलं. तो आधी चिडलाच, म्हणाला एजंट सांगतोय सगळं मॅनेज होईल. मग मी विचारलं की कोऱ्या सह्या कोणी मागितल्या, तुम्ही की एजंटने. तो गप्प. एजंटचा मेसेज दाखवला तर म्हणाला मला हे माहीतच नाही, मला फक्त लोनसाठी आरसीची कॉपी हवी होती, आणि तेही फायनान्सवाल्याने झेरॉक्सच मागितलेली, एजंट दुसऱ्याच कारणासाठी ओरिजिनल मागत होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नाही. मी माणसावर उगाच संशय घेतला की काय असं वाटलं खरं.

गाडी नाही दिली. त्याने चवथीला भाड्याची गाडी केली. नंतर बँकेत चार फेऱ्या, फॉर्म ३५ घेऊन नोंद काढली, मग आम्ही तिघे आरटीओत, मी, तो आणि बाबा. बाबांनी खुर्चीत बसून गुडघ्यावर फाइल ठेवून सही केली, पहिल्या वेळी जमली नाही, दुसऱ्या वेळी २०१४सारखीच आली, तेच म्हणाले, बघ, येते अजून. पैसे आधीच खात्यात आले होते, ५ हजार टोकन वजा करून. डिलिव्हरी नोटवर ११.२५ लिहिलंय, वकीलबाई.

मांडवीकाठ:
नाव बदलल्याचं साइटवर दिसलं का?

कुळागर_डिचोली:
रोज सकाळी चहाबरोबर नंबर टाकून बघतोय. काल अकराव्या दिवशी बदललं. फास्टॅग मात्र दोडामार्गकरांचं वाचलं होतं तरी काढायचा राहिला, आज बँकेला फोन केलाय.